जोडलस

सिलास लोंढे ज्या अँब्युलन्सवर ड्रायव्हर होता, त्याच अँब्युलन्समधून त्याला दवाखान्यात आणलं. गाडी त्याचा जोडीदार चालवत होता आणि सिलास मागे स्ट्रेचरवर कुडकुडत पडला होता. अंग मात्र तव्यासारखं तापलं होतं.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. बेळगाव-विजापूरपासून कोकणापर्यंतची माणसं इथे बरी व्हायला येतात, आणि त्यांच्याबरोबर आलेल्यांना जेवायला लागतं. सिलासची थोरली बहीण मार्था एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत अशाच लोकांसाठी खानावळ चालवायची. निरोप आला तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. तिने तवा उतरवला, पिठाचे हात पदराला पुसले आणि निघाली. धावली नाही. ही तिसरी खेप होती.

आई गेली तेव्हा सिलास नुकता पावलं टाकायला लागला होता आणि मार्था सातवीत होती. वडिलांनी दुसरीकडे संसार मांडला. सिलास तिला अक्का म्हणायचा, पण त्याला आई म्हणून तीच ठाऊक होती. त्याला शाळेत घालताना, ड्रायव्हिंग शिकायला पाठवताना, रेश्माशी त्याचं लग्न लावून देताना तिचं स्वतःचं लग्नाचं वय कधी उलटून गेलं ते कुणी विचारलं नाही.

सिलासचं बिघडलं ते अपघातानंतर. हायवेवर गाडी उलटली, कमरेला मार बसला, दुखणं थांबावं म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. कंबर बरी झाली, इंजेक्शनं सुटली नाहीत. आधी गाडीतली उरलीसुरली औषधं, मग मिळेल तिथून मिळेल ती पावडर. वर्षभरात रेश्मा चार वर्षांच्या नाओमीला घेऊन जयसिंगपूरला माहेरी निघून गेली. पुन्हा सुईला हात लावणार नाही अशी खात्री झाल्याशिवाय येणार नाही, आणि आल्यावर पुन्हा तसं दिसलं तर लेकीचं तोंडही दिसू देणार नाही, एवढं सांगून गेली.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर डॉक्टर इनामदार भेटल्या. संसर्गजन्य रोग विभागाच्या त्या प्रमुख, बोलायला सरळ. सुईवाटे रक्तात शिरलेले जंतू सिलासच्या हृदयाच्या झडपेवर वसले आहेत, झडप निम्मी खाऊन झाली आहे, असं त्यांनी सांगितलं. हृदयाच्या संसर्गाचा इलाज सहा आठवड्यांचा. आणि ज्याला नशेची तलफ येते त्याला सहा तासही खाटेवर धीर निघत नाही. आधीच्या दोन्ही वेळी सिलास हातातली सलाईन उपटून पळाला होता. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या देऊन तलफ आवरायचा प्रयत्नही झाला होता. बाहेर पडल्यावर त्याने त्या चार दिवस घेतल्या आणि सोडून दिल्या. अर्धवट औषध खाऊन जंतू मात्र शहाणे झाले होते. आता त्यांच्यावर जवळजवळ काहीच चालत नव्हतं.

"एक उपाय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जोडलस. सरकारी मंजुरी मिळून दोन वर्षं झालीत."

मार्थाला त्यांनी ती नीट समजावून दिली. लस म्हणजे शरीराला शत्रूची ओळख करून देणं. एकदा ओळख पटली, की शरीर त्या शत्रूला पकडणारे रेणू तयार करतं. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. पण मॉर्फिन, हेरॉइन, अफूच्या कुळातली सगळी औषधं, यांचे रेणू इतके चिमुकले असतात, की शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखतच नाही. त्यासाठी त्यांना एखाद्या मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसवून आत पाठवावं लागतं. संशोधकांनी याच्यासाठी जे प्रथिन निवडलं, ते हृदयाची झडप खाणाऱ्या या जंतूच्याच अंगावरचं होतं. त्यामुळे एकाच टोचणीत शरीर दोन्ही शत्रू ओळखायला शिकतं. जंतू डोकं वर काढतील तिथे प्रतिपिंडं त्यांना गाठतात. आणि अफूच्या कुळातलं काहीही रक्तात आलं, की त्याला असं मिठी मारून बसतात, की तो गठ्ठा मेंदूच्या दारातून आत जाऊच शकत नाही. माणसाने नेहमीचा डोस टोचून घेतला तरी नशा चढत नाही. अशा माणसाला टोचण्यात मग अर्थच राहत नाही.

"किती दिवस टिकते?" मार्थाने विचारलं.

"आम्ही ती जन्मभर टिकेल अशीच बनवून घेतली आहे. मागे घेता येत नाही, हे लक्षात घ्या. पुढे कधी मोठं ऑपरेशन झालं, मोठी इजा झाली, तर नेहमीची वेदनाशामकं त्याला लागू पडणार नाहीत. दुसरे मार्ग आहेत, पण ते तितके चांगले नाहीत."

सिलास तापात बरळत होता. त्याला विचारण्यासारखी स्थिती नव्हती आणि रेश्मा फोन उचलत नव्हती. मार्थाने फार वेळ घेतला नाही. ज्या माणसाचं हृदय आठवड्यात बंद पडणार आहे, त्याच्या पुढच्या कुठल्याशा ऑपरेशनचा विचार कोण करतं?

लस दिली. पहिले काही दिवस सिलासने नरक पाहिला. नशा एकदम तुटली होती, हाडं पिळवटत होती, तो खाटेला बांधल्यासारखा पडून शिव्या देत होता. पण पळून जाऊन उपयोग नाही, हे त्याला कळत होतं. मग ताप उतरायला लागला. तब्येत सावरल्यावर त्याची झडप बदलली. कृत्रिम झडपेच्या खाचाखोचांत थोडे जंतू चिकट थर करून दडून राहतातच, डॉक्टर इनामदारांनी सांगितलं, पण प्रतिपिंडं आहेत तोवर ते तिथेच कोंडलेले राहतील. रक्ताच्या तपासणीत यकृतावरचा हिपॅटायटिस सीसुद्धा निघाला. तोही त्याच सुयांमधून आलेला. त्याच्यावर गोळ्यांचा कोर्स झाला आणि तो विषाणू गेला. यकृतावर त्याने आधीच पाडलेले व्रण मात्र राहिले. त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. माणूस वाचला होता.

घरी आल्यावर एका दुपारी सिलास गायब झाला. मार्थाने जेवणाची पंगत तशीच सोडून गल्ल्या पालथ्या घातल्या. परत आली तर तो खानावळीच्या मोरीजवळ बसून लसूण सोलत होता. टोचून घेतलं होतं, त्याने आपणहून सांगितलं. पाणी टोचल्यासारखं वाटलं. सांगता सांगता त्याला रडू फुटलं, ते सुटकेचं की कसलं, हे मार्थाला कळलं नाही. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभी राहून तिने साक्ष दिली. माझा भाऊ मेला होता, तो मला परत मिळाला, असं म्हणताना तिचा आवाज पहिल्यांदाच चर्चभर ऐकू गेला.

वर्षभराने रेश्मा आली. आधी एका दिवसापुरती, मग मुक्कामाला, मग ट्रंका घेऊन. सिलासला अँब्युलन्स पुन्हा मिळाली. आता गाड्या विजेवरच्या होत्या, रस्ता स्वतःच शोधायच्या, तरी पेशंटला उचलून आत घ्यायला आणि नातेवाइकांना धीर द्यायला माणूस लागायचाच, आणि हे काम सिलासइतकं कुणाला जमत नव्हतं. नाओमीला सगळे नोमी म्हणायचे. शाळा सुटली की ती बापाच्या शेजारच्या सीटवर बसून गाडी धुवायला जायची. बापलेक एकाच बादलीत फडकी बुडवायचे आणि दोघंही नखशिखांत भिजून यायचे. रेश्मा ओरडायची. मार्था खानावळीच्या दारातून ते बघायची आणि तिला वाटायचं, आपल्या आयुष्याचं काम झालं.

लस घेतल्याला अशी पाच वर्षं झाली. मग सिलासची कंबर पुन्हा दुखायला लागली.

जुनी जखम असेल, असं समजून त्याने पट्टा बांधला. मग स्ट्रेचर उचलताना एकदा तो पेशंटसकट खाली बसला आणि त्याला उठता येईना. तपासण्या झाल्या. यकृतावरच्या व्रणांत कॅन्सरने मूळ धरलं होतं आणि तिथून तो पाठीच्या मणक्यांत, कमरेच्या हाडांत उतरला होता. बरा होण्याच्या पलीकडे गेला होता. त्याला डॉक्टर बस्तवाडे यांच्याकडे सोपवलं. जे पेशंट बरे होणार नाहीत, त्यांचं दुखणं सुसह्य करायचं हे त्यांचं काम.

बस्तवाडे पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी हाडांना किरणं दिली, मज्जातंतू बधिर करून पाहिले, साध्या गोळ्यांपासून भुलीच्या औषधांपर्यंत सगळं वापरलं. प्रत्येक उपायाने थोडे दिवस बरं वाटायचं आणि मग दुखणं दुप्पट होऊन परत यायचं. भुलीच्या औषधाने सिलासला भिंतीतून माणसं येताना दिसायची. हाडांच्या कॅन्सरच्या दुखण्यावर जे औषध शंभर वर्षांहून अधिक काळ डॉक्टरांच्या हाताशी आहे ते मॉर्फिन, आणि त्याच्या शरीराने नेमकं तेच ओळखून ठेवलं होतं.

मोठा डोस देऊन पाहता येणार नाही का, असं रेश्माने विचारलं. बस्तवाडेंनी मान हलवली. प्रतिपिंडं संपेपर्यंत काहीच होणार नाही आणि ती संपली की उरलेलं सगळं औषध एकदम मेंदूत जाईल, श्वास बंद पडेल. मधली पायरीच नाही. मग त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. रक्त यंत्रातून फिरवायचं, त्यातला पिवळा द्रव काढून टाकायचा. प्रतिपिंडं त्या द्रवात असतात, ती जातील. ती पुन्हा बनवणाऱ्या पेशीही औषधाने मारून टाकायच्या. मग मॉर्फिन लागू पडेल. पण यंत्राला निवड करता येत नाही. अफूची प्रतिपिंडं गेली की जंतूंचीही जाणार. इतर रोगांवरची प्रतिपिंडं रक्तदात्यांकडून उसनी मिळतात. या जंतूवरची पुरेशी फक्त जोडलस घेतलेल्यांकडेच असतात, आणि त्यांच्या रक्तात पुन्हा दोन्ही एकत्रच.

"म्हणजे झडपेतले जंतू उठतील," सिलास म्हणाला.

"उठतील. पण आत्ता तुमच्या शरीरात ताकद आहे. औषधांनी त्यांना काही महिने थोपवता येईल. चांगले महिने. बसता येईल, जेवता येईल, मुलीशी बोलता येईल. उशीर केला तर ते महिने मिळतीलच असं नाही."

रेश्मा लगेच म्हणाली, करूया. सिलास घाबरलेला दिसला. भीती कशाची आहे, असं बस्तवाडेंनी विचारलं तेव्हा तो मृत्यूबद्दल बोललाच नाही. त्याला मॉर्फिनची भीती होती. ते एकदा अंगात शिरलं की आपण पुन्हा तो माणूस होऊ, ज्याला बायको नको, पोर नको, फक्त पुढची सुई हवी. कितीही वर्षं गेली तरी ते आत बसून असतं, वाट बघत असतं, असं तो म्हणाला. नोमीला बाप ओळखीचा झाल्यावर तिने तो माणूस बघावा, हे त्याला नको होतं.

"मी तेव्हा बोलले ते सगळं सोडून दे," रेश्मा म्हणाली. "मी कुठे जात नाही. तू फक्त झोप नीट. मला बघवत नाही आता."

सिलासने तिच्याकडे पाहिलं आणि मग मार्थाकडे पाहिलं. लहानपणापासून शेवटचं विचारायचं ते अक्काला, ही त्याची सवय होती.

मार्थाच्या डोळ्यांपुढे एक जुना चेहरा उभा राहिला होता. अर्धे मिटलेले डोळे, ओठांच्या कोपऱ्यात ओलं हसू, समोर बहीण मेली तरी कळणार नाही असा. त्या चेहऱ्याच्या माणसाला तिने मोरीत धुतलं होतं, रस्त्यावरून उचलून आणलं होतं, त्याच्या तोंडून आईबद्दलच्या शिव्या ऐकल्या होत्या. तिला तो पुन्हा घरात नको होता. एक दिवससुद्धा नको होता.

"पाच वर्षं धरलंस, बाळा," ती म्हणाली. "आता सोडू नकोस."

सिलासने मान डोलावली. विषय तिथेच संपला.

त्यानंतरचे महिने त्या घराने कसे काढले ते सांगणं अवघड आहे. सिलास बसला की ओरडायचा आणि आडवा झाला की ओरडायचा, म्हणून तो भिंतीला टेकून अर्धवट उभा राहायचा, पाय थरथरेपर्यंत. शिंक आली की घरातले सगळे जागच्या जागी थिजायचे. खोकल्यात बरगडी मोडली. तो टॉवेल दातांत धरायचा, टॉवेलला भोकं पडली. रेश्माने नोमीला जयसिंगपूरला आजीकडे ठेवलं, शाळाही तिकडेच घातली. रविवारी तेवढी आणायची. मार्था त्याच्या पायाशी बसून स्तोत्रं वाचायची. दुखण्याची कळ आली की आवाज चढवून वाचायची. तो सहन करतोय याचा तिला अभिमान वाटायचा, आणि चर्चमधले लोक येऊन त्याच्या सहनशक्तीचं कौतुक करून जायचे. सिलास त्यांच्याकडे बघायचा, पण त्याला ते ऐकू जात होतं असं वाटायचं नाही.

डॉक्टर बस्तवाडे एकदा दुपारी खानावळीत आले. जेवायची वेळ टळून गेली होती. मार्थाने त्यांना आमटी-भात वाढला. त्यांनी दोन घास खाल्ले आणि थांबले.

"मार्थाताई, दुखणं थांबणं आणि नशा चढणं, तुम्ही दोन्ही एकच धरताय."

"तुम्ही त्याला तेव्हा पाहिलं नाही, डॉक्टर."

"नाही पाहिलं. पण आधी व्यसन केलेली कितीतरी माणसं मी शेवटी सांभाळली आहेत. बहुतेकांना नुसती झोप हवी असते. आणि समजा थोडी नशा चढलीच, तर आता कुणाचं काय जाणार आहे?"

"माझा भाऊ जाईल," मार्था म्हणाली.

बस्तवाडेंनी खाली बघत भात कालवला. मग ते म्हणाले, की ही लस बनवली तेव्हा सगळ्यांनी व्यसनी माणसाचाच विचार केला. तो बरा होऊन पुढे साधा माणूस होईल, म्हातारा होईल, त्याची हाडं दुखतील, हा विचार आम्ही डॉक्टरांनीही केला नाही. गोळी असती तर बंद करता आली असती. हे त्यांनी स्वतःशीच बोलल्यासारखं सांगितलं, आणि जाताना एवढंच म्हणाले, की वेळ निघून चालला आहे.

नाताळच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी नोमी आली. चर्चमध्ये गाणी बसवून आली होती, एक गाणं बापाला म्हणून दाखवायचं होतं. दारातून धावत आली आणि पूर्वी गाडीच्या सीटवर उडी मारायची तशी खाटेच्या कडेला बसली. गादी तेवढी दबली. सिलासच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. त्याचा हात आपोआप उगारला गेला आणि पोरीच्या तोंडावर बसला. ती स्टुलावर आपटून खाली पडली. ओठ फुटला.

नोमी रडली नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहिली आणि बापाकडे बघत राहिली. रेश्माने तिला उचलून बाहेर नेलं.

सिलासने तो हात पांघरुणाखाली ओढून घेतला. मग म्हणाला, "अक्का, दुखायलंय गं. लई दुखायलंय. काढायला सांग ते माझ्यातनं."

मार्था उठली. या वेळी ती धावत गेली.

सिलासला रुग्णालयात हलवलं आणि रक्त धुण्याचं यंत्र खाटेशेजारी लावलं. एका नळीतून रक्त जायचं, दुसरीतून परत यायचं, आणि खाली एका पिशवीत शहाळ्याच्या पाण्यापेक्षा जरा गडद पिवळा द्रव साचत जायचा. एवढ्या साध्या दिसणाऱ्या पाण्यात त्याची पाच वर्षं होती. ते दिवसाआड करावं लागलं, पुन्हा पुन्हा. मधल्या काळात त्याचं वजन इतकं उतरलं होतं, की बस्तवाडेंना ताकदीबद्दल विचारायचीही गरज पडली नाही. महिने आता शक्य नाहीत, त्यांनी रेश्माला बाजूला घेऊन सांगितलं. आठवडा मिळाला तरी पुष्कळ.

शेवटच्या धुण्यानंतर सकाळी त्यांनी मॉर्फिनचा छोटा डोस दिला. थांबले, पुन्हा थोडा दिला. रेश्माने सिलासचा हात धरला होता. मार्था पायाशी उभी होती. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती, ते केव्हा अर्धे मिटतात, ओठ केव्हा सैल पडतात. तिने देवाचं नाव घेतलं होतं, ते तो बरा व्हावा म्हणून नव्हे, तर तो चेहरा दिसू नये म्हणून.

सिलासच्या कपाळावरची आठी सुटली. मग खांदे खाली आले. कित्येक महिन्यांत तिने त्याचे खांदे खाली आलेले पाहिले नव्हते. त्याने एक खोल श्वास घेतला, घाबरत घाबरत, बरगडी टोचेल म्हणून, आणि ती टोचली नाही. मग आणखी एक घेतला. डोळे उघडेच होते. स्वच्छ होते. तो इकडे तिकडे बघत होता, काहीतरी यायचं बाकी आहे अशी वाट बघत होता.

"आता कसं वाटतंय?" बस्तवाडेंनी विचारलं.

"एवढंच?" सिलास म्हणाला.

"अजून दुखतंय का?"

"नाही. ते नाही." तो थांबला. "पहिल्यासारखं काही आलंच नाही. नुसतं दुखायचं थांबलं."

त्याच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं. रेश्माने ते पुसलं. त्याने चहा मागितला, बशीत ओतून प्याला. भिंतीला टेकून, खराखुरा बसून प्याला. रेश्माच्या हातावरचा भाजल्याचा डाग बघून हे कधी झालं असं विचारलं. तो डाग चार महिन्यांपूर्वीचा होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी गाडीच्या बॅटरीबद्दल बोलला. तो सिलासच होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सिलास. मार्था ज्याला घाबरत होती तो माणूस कुठेच नव्हता. तो केव्हाच मेला होता, आणि त्याच्या भीतीने तिने या जिवंत माणसाला भिंतीशी उभं करून ठेवलं होतं.

दुपारी रेश्मा घरी जाऊन येते म्हणाली तेव्हा सिलासने मार्थाला जवळ बोलावलं.

"आपण उगाच घाबरलो, अक्का," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने 'आपण' म्हटलं होतं, आणि तो तिला सांभाळून घेतोय हे तिला कळलं. तिला वाटलं, याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम होतं.

ताप त्याच संध्याकाळी चढला. झडपेतले जंतू पाच वर्षं कोंडलेले होते, त्यांना अडवायला आता कुणी नव्हतं. डॉक्टर इनामदार स्वतः येऊन बघून गेल्या. जी औषधं होती ती चालू केली. कशाचा उपयोग होणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मार्थाला त्या काहीतरी सांगणार होत्या, पण ती समोरून बाजूला झाली.

नोमीला बोलावून घेतलं. ती वॉर्डच्या दारापर्यंत आली आणि चौकट धरून उभी राहिली. ओठावर अजून खपली होती. रेश्माने समजावलं, पप्पाला आता दुखत नाही, जवळ गेलीस तरी काही होणार नाही. ती हलली नाही. सिलासला त्या वेळी थोडी शुद्ध होती.

"असू दे," तो म्हणाला. "तिथूनच बघू दे तिला."

गाणं म्हणशील का, असं त्याला विचारायचं होतं बहुतेक, कारण त्याचे ओठ हलले. पण ते दारापर्यंत पोचलं नाही आणि मार्थाने पुढे होऊन सांगितलंही नाही. थोड्या वेळाने तो बरळायला लागला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शेवटी दुखलं नाही. एवढं मात्र खरं.

माती दिल्यावर पाहुणे दोन दिवस होते. खानावळीतच सगळ्यांचं जेवण झालं. मार्थाने वाढलं, उचललं, भांडी घासली. रेश्मा तिच्याशी नीट वागली. पाणी दे म्हटलं की पाणी द्यायची, औषध घेतलंत का विचारायची. पण नजर देत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिचे भाऊ गाडी घेऊन आले. शाळा तिकडेच आहे, आता तिकडेच राहू, असं रेश्मा म्हणाली. मार्था बरं म्हणाली.

बॅगा डिकीत भरल्या जात होत्या तेव्हा नोमी मार्थाजवळ आली. तिचं काहीतरी ठरलेलं दिसत होतं.

"आत्या, पप्पाच्या दुखण्यावर औषध होतं ना?"

"होतं."

"मग आधी का नाही दिलं?"

मार्थाला खूप काही सांगता आलं असतं. जंतू, झडप, रक्तातलं ते पिवळं पाणी. हे सगळं तिला आता पाठ झालं होतं.

"मी नको म्हटलं," ती म्हणाली.

नोमीने तिच्याकडे पाहिलं. खोलीत भिंतीला टेकून पाहिलं होतं तसंच पाहिलं. मग तिने मार्थाच्या हातातून स्वतःचं दप्तर घेतलं, पाठीला अडकवलं आणि गाडीत जाऊन खिडकीपाशी बसली. रेश्मा वाकून पाया पडली, येते अक्का म्हणाली. गाडी सुरू झाली.

"जाते, आत्या," नोमी म्हणाली.

जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे तिला कुणी सांगितलं नाही.